घरच्या ३१ व्हिडिओ कॅसेट डिस्कवर आणताना: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका कुटुंबात वडिलांच्या कपाटात ३१ व्हिडिओ कॅसेट निघाल्या. १९ मोठ्या व्हीएचएस, ४ छोट्या व्हीएचएस-सी, ६ आठ मिलिमीटरच्या हॅन्डीकॅम कॅसेट आणि २ मिनीडीव्ही. सगळ्यांत जुनी १९८६ सालची, शेवटची २००३ची. वडील गेल्यावर त्या कपाटाला कुणी फारसा हात लावला नव्हता. भावंडं तीन, तिघांची घरं तीन गावांत, आई मूळ घरात. आईचा ७५वा वाढदिवस दोन महिन्यांवर आला तेव्हा थोरल्या ताईंनी मला विचारलं, "सगळ्या कॅसेटच्या डीव्हीडी करून मिळतील का? आईला प्लेअर लावता येतो. बाकीचं तिला जमत नाही, आणि जमायला हवं असा आमचा हट्टही नाही."

मागणी साधी होती आणि रास्तही. प्रत्यक्षात कामाचा क्रम मात्र बदलला. आधी फाइल आणि मग डिस्क, असं ठरलं. हे का ठरलं, कुठे निर्णय घ्यावे लागले आणि कशावर पाणी सोडावं लागलं, ते इथे मांडलं आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

घाईचं कारण नुसता वाढदिवस नव्हतं. व्हीएचएस १९७६ साली बाजारात आलं आणि शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवलं. म्हणजे आज हाताशी असलेलं प्रत्येक यंत्र जुनं आहे. त्याचे सुटे भाग दुसऱ्या जुन्या यंत्रातून काढावे लागतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता की, २०२५पर्यंत डिजिटल न झालेल्या चुंबकीय टेप बहुतेक गमावल्यातच जमा होतील. त्या इशाऱ्यात टेप खराब होण्याइतकाच भर यंत्रं आणि ती चालवणारी माणसं संपण्यावर होता. ही तारीख उलटली म्हणून घरच्या कॅसेट एका रात्रीत कोऱ्या होत नाहीत. पण चालढकल करायला जागा उरलेली नाही, एवढं खरं.

अडचण

या घरात हे काम आधी एकदा झालं होतं, आणि खरी अडचण तिथून सुरू होत होती. मधल्या भावाने २००६च्या सुमारास घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर तीन कॅसेट उतरवल्या होत्या. कमी डिस्क लागाव्यात म्हणून सहा तासांचा मोड वापरला. काम झालं असं समजून त्यातल्या दोन मूळ कॅसेट टाकून दिल्या. त्या काळी असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं, डिस्क म्हणजे कायमची असाच सगळ्यांचा समज होता. पुढे रेकॉर्डर बिघडला. तिन्हीपैकी एक डिस्क फायनलाइज केलेलीच नव्हती, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना वाचता यावी म्हणून शेवटी बंद करायची राहिली होती, त्यामुळे ती दुसऱ्या कुठल्याही प्लेअरवर लागेना. उरलेल्या दोन लागत होत्या, पण चेहऱ्यांच्या जागी चौकोन दिसत. कुणी हलकेच मान वळवली तरी चित्र फुटायचं.

सहा तासांच्या मोडमध्ये काय होतं ते पाहण्यासारखं आहे. एकपदरी डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात. एका तासाचं चित्रण ठेवलं तर दर सेकंदाला साधारण १० मेगाबिट वापरता येतात, दोन तासांचं ठेवलं तर ५, आणि सहा तासांचं ठेवलं तर पावणेदोनच्या आत. एवढ्यात भागवण्यासाठी पुष्कळ रेकॉर्डर चित्राचं मापच कमी करतात, ७२० बाय ५७६ ऐवजी ३५२ बाय २८८ ठेवतात. वर व्हीएचएसच्या चित्रात दाणेदार खरखर असते आणि ती प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) बदलते. चित्र दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला खरखर आणि हालचाल यांतला फरक कळत नाही. हाती असलेले थोडके बिट ते खरखरीवरच उधळतं आणि चेहऱ्यांच्या वाट्याला काही उरत नाही. गेलेला तपशील नंतर कुठल्याही उपायाने परत येत नाही, आणि इथे तर मूळ कॅसेटही गेल्या होत्या.

दुसरी अडचण कॅसेटच्या अवस्थेची. दोन व्हीएचएसच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरट बुरशी दिसत होती. त्यांतली एक घरातली सगळ्यांत मोलाची: तीत आजोबा बसून आपल्या लहानपणाबद्दल बोलतात, आणि त्यांच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग नाही. एका कॅसेटची फीत टोकाशी तुटली होती. लेबलांवर भरवसा ठेवता येत नव्हता, कारण वडील एका कॅसेटवर दुसरं काही घेतलं तरी जुनं लेबल तसंच ठेवायचे. एक कॅसेट आत्याने परदेशातून पाठवलेली होती, ती एनटीएससी नावाच्या वेगळ्या टीव्ही पद्धतीची. बाकी सगळ्या आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या.

पर्याय

सगळ्या कॅसेट एखाद्या सेवेकडे देऊन तयार डिस्क घेणं, हा सगळ्यांत कमी त्रासाचा मार्ग होता. ताईंनी चौकशी केली. एका डिस्कवर किती तास घालणार आणि डिस्कखेरीज फाइल देणार का, हे दोनच प्रश्न विचारायला मी सांगितलं होतं. जिथे विचारलं तिथे डिस्कच मिळेल असं उत्तर आलं. भावाच्या जुन्या डिस्क समोर असताना पुन्हा त्याच वाटेने जायला कुणी तयार झालं नाही.

भावाच्या मते नवा नाही तरी चालता डीव्हीडी रेकॉर्डर मिळवावा आणि या वेळी एका तासाच्या मोडमध्ये काम करावं. या सूचनेत तथ्य होतं. चांगल्या रेकॉर्डरवर तासाला एक डिस्क केली तर निकाल बरा येतो आणि संगणकाची गरज लागत नाही. पण या यंत्रांना एक खोड आहे. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या कॅसेटमध्ये नक्कल रोखण्यासाठी चित्राच्या वरच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींत मॅक्रोव्हिजन नावाचा संकेत घातलेला असे. घरच्या जुन्या कॅसेटमध्ये त्याच ओळी डळमळल्या तर रेकॉर्डर त्यालाच संरक्षण समजतो आणि रेकॉर्डिंग थांबवतो. स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाची नक्कल करायला यंत्र मनाई करतं.

ताईंच्या मुलाकडे टेपचं चित्र संगणकात घेणारं एक स्वस्त यूएसबी कॅप्चर उपकरण होतं. टीव्हीवरच्या मालिका भरलेल्या कॅसेटवर त्याने ते करून पाहिलं. चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकलेला येत होता, आणि तासाभरानंतर ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटलेला. हा दोष त्या पोराचा नव्हता. व्हीसीआरमधलं, फीत वाचणाऱ्या हेडचं ढोलकं पाल पद्धतीत मिनिटाला १५०० वेळा फिरतं आणि फीत सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. फीत ताणली गेली असेल किंवा रबरी चाक झिजलं असेल, तर चित्राची प्रत्येक ओळ वेळेच्या किंचित मागेपुढे सुरू होते. जुना काचेचा टीव्ही ते सांभाळून घेई. संगणक घेत नाही. त्याला चौकट नीट ओळखता आली नाही की तो ती सोडून देतो, आवाज मात्र पुढे चालूच राहतो.

उरला तो चौथा मार्ग: वेळेचा हा डळमळ सुधारणारा टाइम बेस करेक्टर असलेला चांगला व्हीसीआर मिळवायचा, त्यातून शक्य तितक्या कमी नुकसानीची फाइल घ्यायची आणि त्या फाइलवरून आईसाठी डिस्क करायच्या. याला वेळ सर्वांत जास्त लागणार होता. टेप जितक्या तासांची तितकेच तास कॅप्चरला लागतात, त्यात घाई करता येत नाही.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. जुनी कॅसेट चालवणं हाच यातला खरा खर्च आहे. प्रत्येक वेळी फीत हेडवरून घासत जाते, आणि ही वेळ शेवटची ठरणार नाही याची खात्री देता येत नाही. डिस्क नंतर कितीही वेळा, कुठल्याही प्रकारात करता येईल. म्हणून त्या एका चांगल्या चालीत जे पदरात पडेल ते पूर्ण घ्यायचं, आणि डिस्क कशी असावी हा प्रश्न नंतरचा. धाकट्या बहिणीने विचारलं, "मग वाढदिवसाला आईच्या हातात काय देणार?" प्रश्न योग्य होता. यावर तोडगा असा निघाला की, कॅप्चर सगळ्याचं करायचं, पण वाढदिवसापुरत्या डिस्क निवडक चित्रणाच्या करायच्या.

काय केलं

*क्रम ठरवणं.* आजोबांची कॅसेट सर्वांत आधी घ्यावी असं भावंडांना वाटत होतं. मी उलटं सुचवलं. ज्यांवर टीव्हीचे कार्यक्रम भरले होते अशा ७ कॅसेट बाजूला निघाल्या, त्या यंत्राच्या चाचणीला वापरल्या. यंत्र फीत चावतं का, तिच्या कडेला चुणी पाडतं का, हे कमी मोलाच्या कॅसेटवरच कळू द्यावं. चाचणी पार पडल्यावर मोलाच्या कॅसेट घेतल्या, त्याही यंत्र थकण्याआधी, कामाच्या पहिल्या भागात.

*यंत्र.* घरचा व्हीसीआर बरीच वर्षं बंद होता, त्याचे रबरी पट्टे सैल झाले होते. ओळखीतल्या एका संकलकाकडे टाइम बेस करेक्टर असलेला एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा सुधारित प्रकार) व्हीसीआर होता आणि त्याने तो नुकताच दुरुस्त करून घेतला होता. तो वापरायला मिळाला, हे या कामाचं भाग्य. त्याला एस-व्हिडिओची जोडणीही होती. व्हीएचएस टेपवर उजेडाची आणि रंगाची माहिती वेगवेगळी नोंदलेली असते. साध्या पिवळ्या पिनच्या वायरीतून पाठवताना त्या एकत्र कालवल्या जातात आणि पुढे पुन्हा वेगळ्या कराव्या लागतात. एस-व्हिडिओत त्या वेगळ्याच जातात, त्यामुळे कडांवर रंग ओघळत नाही. सिग्नल क्षीण झाला की पडदा निळा करण्याची सोय व्हीसीआरमध्ये असते, ती बंद केली. नाहीतर खराब तुकड्यात जे थोडंफार दिसतं तेही निळ्याखाली जातं.

दर काही कॅसेटनंतर हेड साफ केलं. कापसाचा बोळा वापरायचा नाही, त्याचे धागे हेडच्या टोकाला अडकतात. मऊ चामड्याची किंवा फोमची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून स्थिर धरायची आणि ढोलकं हाताने हळू फिरवायचं. काडी वरखाली घासली तर हेड मोडू शकतं.

*प्रत्येक कॅसेटची तयारी.* व्हीएचएस कॅसेटचा रेकॉर्डिंगचा छोटा प्लास्टिक कान आधी मोडला, म्हणजे चुकून वर काही टेप होणार नाही. मग कॅसेट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवली. वर्षानुवर्षं एकाच ताणात गुंडाळलेली फीत त्यामुळे सारखी बसते. तुटलेली कॅसेट पाच स्क्रू काढून उघडली. फीत पारदर्शक पट्टीच्या जोडावर सुटली होती. यंत्र त्या पट्टीतून जाणाऱ्या प्रकाशावरूनच टेप संपल्याचं ओळखतं, म्हणून ती पट्टी तशीच ठेवून टेप जोडण्याच्या खास पट्टीने मागच्या बाजूने जोड दिला. घरातली चिकटपट्टी इथे कधीही लावू नये. तिचा गोंद पाझरतो आणि हेडला लागतो.

*बुरशी.* या दोन कॅसेट यंत्रात घालायच्या नाहीत, हा निर्णय सर्वांत कठीण गेला. भावाचं म्हणणं होतं की एकदा पुसून लावून पाहू. आवाज ऐकायची ओढ सगळ्यांनाच होती. पण बुरशीचे कण हेडवर बसतात आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटमध्ये जातात. फितीचा लेप सैल झाला असेल तर तो खरवडून निघतो. त्या हाताळताना मास्क लावला, इतर कॅसेटपासून दूर कोरड्या जागी ठेवल्या आणि टेप साफ करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवल्या. तिथे रांग होती. आजोबांची कॅसेट वाढदिवसापर्यंत येणार नाही हे तेव्हाच स्पष्ट झालं, आणि तिघांनीही ते मान्य केलं.

*फाइल कुठली.* व्हीएचएससाठी एफएफव्ही१ हा दाबूनही काहीच न गमावणारा प्रकार घेतला. तासाला साधारण ३० जीबी लागले. मिनीडीव्हीवर माहिती मुळातच डिजिटल असते, त्यामुळे ती फायरवायरच्या वायरीने जशीच्या तशी उतरवली, तासाला १३ जीबी. आठ मिलिमीटरच्या कॅसेटबाबत तडजोड केली. जुन्या ॲनालॉग कॅसेटही चालवणारा एक डिजिटल८ कॅमेरा मिळाला. तो स्वतःच चित्र स्थिर करून डीव्ही या डिजिटल प्रकारात देतो. रंगाचा थोडा तपशील त्यात कमी होतो, पण वेळ पाहता मला ते पटलं आणि अजूनही पटतं. सगळं मिळून ४२ तासांच्या आसपास चित्रण झालं, जागा एक टीबीपेक्षा थोडी जास्त लागली. बुरशीच्या कॅसेटसाठी तेवढी जागा राखून ठेवली.

*आवाज.* मावशीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये सतत घरघर येत होती. व्हीएचएसमध्ये आवाज दोन ठिकाणी असू शकतो: फितीच्या कडेवरची साधी पट्टी, आणि चित्राबरोबर फिरत्या हेडने नोंदलेला हायफाय. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्याशी आपलं यंत्र जुळलं नाही की हायफाय घरघरतो. अशा वेळी व्हीसीआरवर साधी पट्टी निवडता येते. आवाज जरा बंद खोलीतल्यासारखा येतो, पण शब्द कळतात. कॅसेटचा छोटा तुकडा दोन्ही प्रकारे ऐकून निवड केली आणि मगच पूर्ण चालवली.

*आत्याची कॅसेट.* पालच्या पुष्कळ यंत्रांवर एनटीएससी कॅसेट दिसते, पण बाहेर येणारा सिग्नल ना धड हा ना धड तो असतो आणि कॅप्चर उपकरणाला तो समजत नाही. दोन्ही पद्धतींचा खरा सिग्नल देणारा व्हीसीआर शोधावा लागला. तिची चौकटींची गती, सेकंदाला २९.९७, बदलली नाही. डिस्कही एनटीएससीचीच केली. पालच्या देशांत विकलेले बहुतेक डीव्हीडी प्लेअर ती चालवतात, आणि आईच्या प्लेअरवर ती आधी लावून पाहिली.

*डिस्क.* सगळ्याच चित्रणाच्या डिस्क केल्या असत्या तर दोन तासांना एक धरून वीसच्या वर झाल्या असत्या. त्यांतून हवं ते शोधणं हेच आईला काम झालं असतं. सहा डिस्क ठरवल्या, प्रत्येकीवर साधारण दीड तास, कालक्रमाने, आणि मोठ्या अक्षरांतली साधी यादी. दीड तासाला सेकंदाला साडेसहा मेगाबिटच्या आसपास मिळतात, व्हीएचएसला ते पुरतात.

डिस्क करताना एक गोष्ट मुद्दाम केली नाही. पालचं चित्र सेकंदाला २५ चौकटींचं, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांत गुंफलेली, म्हणजे प्रत्यक्षात ५० अर्धी चित्रं. संगणकावर त्यामुळे हालचालीच्या कडेला फण्यासारख्या रेघा दिसतात. ताईंच्या मुलाने त्या काढून टाकायची तयारी केली होती. पण डीव्हीडी ही गुंफण जशीच्या तशी सांभाळते आणि टीव्हीवर हालचाल मूळसारखी सहज दिसते. मोबाइलसाठी केलेल्या वेगळ्या प्रतींत मात्र गुंफण सोडवून सेकंदाला ५० चौकटी ठेवल्या. इथे अर्ध्या चित्रांचा क्रमही पाहावा लागतो: डीव्ही प्रकारात खालची ओळ आधी येते, आमच्या व्हीएचएसच्या फाइलींत वरची. चाचणीच्या डिस्कवर हॅन्डीकॅमचं चित्रण मागेपुढे थरथरलं, तेव्हा हा क्रम उलटा लागल्याचं कळलं आणि सुधारता आलं. ४:३ची चौकट ताणून रुंद केली नाही, आणि जुन्या टीव्हीवर न दिसणारी तळाची फाटकी पट्टी मूळ फाइलींतून कापली नाही.

चाचणीची डिस्क ताईंनी आईच्या घरी नेऊन तिथल्या प्लेअरवर लावली. कोऱ्या डीव्हीडीच्या दोन प्रकारांपैकी प्लस-आर प्रकारची अडखळली, मायनस-आर नीट चालली. एवढ्याने पुढची सगळी खरेदी ठरली. पुन्हा लिहिता येणाऱ्या आणि दोन थरांच्या डिस्क टाळल्या. लिहिण्याचा वेग मध्यम ठेवला, लिहून झाल्यावर पडताळणी केली आणि दुसऱ्या यंत्रावर वाचून पाहिली. कागदी लेबलं लावली नाहीत, ती सुटतात आणि डिस्कचा तोल बिघडवतात. पाण्याच्या शाईच्या पेनाने मधल्या पारदर्शक भागावर क्रमांक लिहिला, तपशील डबीवर.

न घातलेलं चित्रण

एका कॅसेटमध्ये आजोबांचे शेवटचे आठवडे होते. रुग्णालयातली खाट, उशाशी बसलेली आई, वडिलांचा कॅमेऱ्यामागून येणारा आवाज. हे आईच्या डिस्कवर घालायचं का, यावर भावंडांत एकमत झालं नाही. थोरल्या ताई नको म्हणाल्या, वाढदिवसाला हे कशाला. धाकटी म्हणाली, आईला काय सोसेल हे आपण का ठरवायचं. भाऊ गप्प राहिला. शेवटी ते डिस्कवर घातलं नाही, मूळ फाइल मात्र इतरांसारखीच पूर्ण ठेवली. निर्णय कुटुंबाचा होता आणि मी त्यात मत दिलं नाही. फाइलीतून काहीही कापू नका, एवढाच आग्रह धरला.

निष्पत्ती

सहा डिस्क वेळेवर पोचल्या. काकूंनी, म्हणजे या भावंडांच्या आईने, त्या दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय लावल्या आणि त्यांतल्या दोन पुन्हापुन्हा पाहिल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताईंना विचारलं, "बाबांची दवाखान्यातली कॅसेट कुठंय? ती मीच घ्यायला लावली होती यांना." ती कॅसेट त्यांच्याच सांगण्यावरून घेतलेली होती, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. फाइल शाबूत असल्यामुळे ती डिस्क लगेच करता आली.

बुरशीच्या दोन कॅसेटपैकी आजोबांची नंतर परत आली. सुरुवातीची काही मिनिटं गेली, तिथे नुसत्या रेघा आहेत. पुढचं सगळं आलं आणि आवाज स्वच्छ आहे.

भावाची फायनलाइज न झालेली डिस्क एका संगणकाने कोरी ठरवली. दुसऱ्या, जुन्या ड्राइव्हवर माहिती परत मिळवण्याच्या सॉफ्टवेअरने तीतलं बहुतेक चित्रण निघालं. पण निघालं ते सहा तासांच्या मोडमधलंच. त्या कॅसेटमधली धाकटीची शाळेतली भाषणं आता कायमची चौकोनी चेहऱ्यांची राहणार. भावाला याचं वाईट वाटलं. त्याने ती उतरवली नसती तर एवढंही उरलं नसतं, हे त्याला ताईंनी सांगितलं आणि ते खरं आहे.

मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक ताईंकडे, एक भावाकडे. तिसरी प्रत धाकटीने इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवली. प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा, काढून यादी तिन्हीकडे दिली, म्हणजे पुढे एखादी फाइल बिघडली तर ती कळेल आणि दुसऱ्या प्रतीवरून भरून काढता येईल. आईच्या डिस्क या हिशेबात धरलेल्या नाहीत. साध्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि उष्णतेने, उजेडाने तो हळूहळू खराब होतो. त्या पाहण्यासाठी आहेत. खराब झाल्या की नव्या करायच्या. मूळ कॅसेट टाकलेल्या नाहीत, त्या उभ्या ठेवून कोरड्या खोलीत आहेत.

पुन्हा केलं तर

सर्वांत मोठा बदल क्रमातला असेल: कॅप्चर सुरू करण्याआधी आईजवळ बसायला हवं होतं. भेट गुप्त ठेवायची म्हणून तिला काहीच विचारलं नाही, आणि लेबलं चुकीची निघाल्यावर कुठली कॅसेट कशाची हे ओळखण्यात बराच वेळ गेला. डिस्क पाहताना काकू नावं, वर्षं, कोण कुणाच्या लग्नात रुसलं होतं, हे सगळं भराभर सांगत होत्या. ते बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करायला आता सुरुवात झाली आहे. आधी केलं असतं तर डिस्कवरच्या यादीत नावं अचूक आली असती आणि दवाखान्याच्या कॅसेटचा वादही झाला नसता. भेट अनपेक्षित असावी, या हौसेची किंमत इथे जास्त पडली.

बुरशीच्या कॅसेट पहिल्याच दिवशी पाठवता आल्या असत्या. पुसून पाहायचं की पाठवायचं, या चर्चेत जो वेळ गेला तो वाचला असता तर आजोबांचा आवाज कदाचित वाढदिवसाला ऐकता आला असता.

आठ मिलिमीटरच्या कॅसेटबाबत केलेली तडजोड मी पुन्हा तशीच करेन. घरात हाय८ (आठ मिलिमीटरचा सुधारित प्रकार) कॅसेट जास्त असत्या तर मात्र एस-व्हिडिओचा मार्ग धरला असता, कारण हाय८चं चित्र व्हीएचएसपेक्षा बरंच सरस असतं आणि तिथे रंगाचं नुकसान डोळ्याला दिसतं.

दुसरी बुरशीची कॅसेट अजून तज्ज्ञाकडे आहे. ती आली की तिची वेगळी डिस्क करायची आणि त्याच वेळी भावाकडची हार्ड डिस्क चेकसमच्या यादीशी ताडून पाहायची, असं ठरलं आहे.